दसऱ्याला पुजलेली दुर्बीण

दुर्बीण घ्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते तो असा : "घराला जिना आहे का?"

माणूस गोंधळतो. तो बिचारा शनीची कडी बघायच्या तयारीनं आलेला असतो आणि ही बाई जिन्याचं काय विचारतेय! मग मी दुसरा प्रश्न टाकते, "पाठ दुखते का?" आणि तिसरा, "ठेवणार कुठं?" आकाशाचा विषय आमच्या दुकानात सगळ्यात शेवटी निघतो. आकाश कुठं पळून जात नाही. पण जी दुर्बीण दोन माणसांशिवाय अंगणात येत नाही, ती हौस ओसरली की पलंगाखाली जाते आणि तिच्यावर कुरडयांचे डबे रचले जातात. हे मी लोकांच्या घरी जाऊन स्वतः पाहिलंय. एकांच्या तिपाईवर तर ओले टॉवेल वाळत होते.

दुकान यवतमाळला आहे आणि ते काकाजींचं, म्हणजे माझ्या मालकांचं. पुढच्या भागात चष्मे, मागच्या भागात दुर्बिणी. दुकान चालतं चष्म्यांवर, काकाजींचा जीव दुर्बिणींवर. माझं माहेर देवगडच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्र जिथं पाण्यात पाय सोडून बसतो तिथं. शिक्षण आठवी, तेसुद्धा पूर्ण नाही. नवराही तिकडचाच, पण इथं गॅरेजमध्ये कामाला, म्हणून लग्नानंतर इकडे आले. पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, आपण इथं सुकटासारखं वाळून जाणार. अजूनही आई फोनवर विचारते, "काय गो, थंय पाणी तरी येता काय?"

एकदा चष्म्याची काडी निखळली म्हणून या दुकानात शिरले. काकाजींच्या हातून तो बारीक स्क्रू सारखा निसटत होता. मी म्हटलं, "द्या, मी बसवते." जाळ्याच्या गाठी मारलेले हात माझे, स्क्रू काय चीज आहे! काकाजींनी काडी हलवून पाहिली आणि म्हणाले, "उद्यापासून येतं काय, बाई?" शाळा किती, ओळख कुणाची, काही विचारलं नाही. त्यांचे उपकार मानते म्हटलं तर ते चिडतात, म्हणून इथं लिहून ठेवते. छापलेल्यावर चिडता येत नाही.

काळजी करण्याचा मात्र मला रोग आहे. शटरला कुलूप लावते, चार पावलं जाते, परत येऊन ओढून बघते. दिलेली दुर्बीण गिऱ्हाइकाच्या घरी नीट पोहोचली का, तिनं काही दाखवलं का, या विचारानं माझी भाजी करपते.

बाहेरच्यांना वाटतं, दुर्बीण म्हणजे लांबचं जवळ आणायचं यंत्र. वणीकडचे एक गृहस्थ आले होते. कोळशाच्या ट्रकांचा धंदा, अंगावर पांढराशुभ्र शर्ट. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, "मले हे पाह्यजे. पाहा, किती पट मोठं दाखवते!"

डब्यावर भला मोठा आकडा होता. असल्या आकड्यांचा आम्हाला फार त्रास. मी त्यांना विचारलं, "घरी वाटीभर वरण आहे आणि दहा पाहुणे आले, तर वहिनी काय करतात?"

"पानी टाकते. दुसरं काय?"

"मग वरण वाढतं. पण चवीचं काय होतं?"

"काय होनार! नुसतं तोंड ओलं होते."

"पट वाढवणं म्हणजे वरणात पाणी घालणं. दुर्बिणीचं खरं काम उजेड गोळा करणं. तोंड जेवढं रुंद तेवढा उजेड जास्त. डोळा लावायची जी लहान नळी असते ना, आयपीस म्हणतात तिला, ती बदलली की पट बदलतात. पण मुळात उजेडच कमी असेल तर चित्र नुसतं मोठं आणि मळकं होतं."

गृहस्थांनी मोबाइल खिशात टाकला. "म्हंजे वरनाचा गंज मोठा घ्याचा अन् पानी बेतानं टाकाचं."

"अगदी."

"मंग असं सरळ सांगा ना बाई! मी कायले एवढे आकडे पाठ करून आलो?"

त्यांच्याकडे कोळशाची धूळ फार, म्हणून त्यांना मी पुढं भिंग असलेली बंद नळीची दुर्बीण दिली. आरशाच्या दुर्बिणीचं तोंड उघडं असतं, धूळ सरळ आत जाते. जाताना म्हणाले, "तुमच्या वहिनीच्या वरनाले नाव नोको ठेवू बरं."

दुसरे एक नेरकडचे शेतकरी. तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात म्हणून शेतातल्या माळ्यावरून नजर ठेवायला त्यांनी घरबसल्या आरशाची दुर्बीण मागवली होती. ती घेऊन घाम पुसत आमच्याकडे आले. "बाई, हे खराब हाय. रोही पाय वर करून चरून राह्यला!"

मला हसू आवरेना. त्यांना समजावलं, की आकाशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. सुलटं करायला आणखी भिंगं घालावी लागतात, त्यात उजेड जातो. आणि ताऱ्याला डोकं कुठलं, पाय कुठले? म्हणून कुणी त्या भानगडीत पडत नाही. त्यांना दोन डोळ्यांची साधी बायनॉक्युलर दिली. दारात जाऊन त्यांनी समोरच्या पानठेल्यावर रोखली. "आता बरोबर हाय. तो पाह्य, चुना जास्त लावून राह्यला."

तर अशी आमची गिऱ्हाइकं. पण मला लिहायचंय ते कल्याणीच्या दुर्बिणीबद्दल. ती निवडली होती मी एकटीनं. काकाजी तेव्हा हैदराबादला लेकीकडे गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "आता तूच पाह्य सारं." एवढं वाक्य माझी झोप उडवायला पुरेसं होतं.

कल्याणी मारेगावजवळच्या एका खेड्यातली सून. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. घरी कापूस, तूर, सोयाबीन. तिच्या मनात होतं, दुर्बीण घ्यायची आणि तालुक्यातल्या शाळांतून मुलांना आकाश दाखवत फिरायचं. हे तिचं स्वतःचं काम असणार होतं. नवऱ्याचं काही म्हणणं नव्हतं. सासरे पुंडलिकराव यांचं मात्र होतं. त्यांनी अट घातली : "कोजागिरीले साऱ्या गावाले चंद्र दाखव. गावाले पटलं त राहीन दुर्बीण. नाई त जिथून आनली तिथं वापस."

म्हणजे कोजागिरीला एक तर कल्याणीचं काम सुरू होणार होतं, नाही तर सुरू व्हायच्या आधीच मिटणार होतं. आणि दुर्बीण मी दिलेली. माझी भाजी तेव्हापासूनच करपायला लागली.

दुर्बीण पसंत करायला ती सासूला घेऊन आली होती. कमलाबाई म्हणजे उंचपुरी, धिप्पाड बाई, लुगड्याचा ओचा खोचलेला. कल्याणीचा डोळा होता मोटार लावलेल्या मोठ्या तिपाईच्या दुर्बिणीवर. मी माझे प्रश्न सुरू केले. "उचलणार कोण?"

"मी उचलतो," कमलाबाई म्हणाल्या. "कापसाचं गाठोडं उचलतो मी, ह्या नयीचं काय घिऊन बसल्या!"

"तुम्ही उचलाल हो आई. पण शाळेत तुम्ही असाल का रोज?" कल्याणी म्हणाली.

"काहून? मी शायेत गेली त मास्तर मारीन काय मले?"

शेवटी मी त्यांना लाकडी बैठकीवर नुसती ठेवायची आरशाची दुर्बीण दाखवली. तिला ना तिपाई, ना मोटार. हातानं ढकलाल तिकडे वळते. तिपाईची दुर्बीण वाऱ्यानं थरथरते आणि मुलांचा धक्का लागला की चंद्र नाचायला लागतो. ही आपली मांडी घालून बसते. कमलाबाईंनी तिला एक गोल फिरवलं आणि खूश झाल्या. "जात्यावानी फिरते वो!" मग नळीवर हात ठेवून विचारलं, "याच्यात मेन काय हाय?"

मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "ट्रॅक्टरला इंजिन, तसा हिला आरसा. तळाशी बसवलेला असतो. बाकी सगळी नुसती बॉडी."

कमलाबाईंनी नळीत डोकावलं. तो आरसा खोलगट असतो, त्यात माणूस केवढाच्या केवढा दिसतो. "माय वो!" त्या मागं सरकल्या. "केवढं हे थोबाड माहं!" पण परत डोकावल्या. "अन् मधोमध हे गोल गोल काय हाय?"

आरशाच्या बरोबर मध्यावर कारखान्यात एक लहानसं कडं चिकटवलेलं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. आरसे एका रेषेत आणायला त्याचा उपयोग होतो. मी म्हटलं, "ती खूण आहे. मध्य कळावा म्हणून." तेवढ्यावर विषय संपला, असं मला वाटलं.

दसरा झाला आणि कल्याणीचा फोन आला. अगदी दबका आवाज. "ताई, आरशावर कुंकू आहे."

"कुठल्या आरशावर?"

"आतल्या."

मी हातातली फ्रेम खाली ठेवली.

झालं होतं असं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा. अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा, शेजारी फवारणीचा पंप, विळे, कुऱ्हाड, शिलाई मशीन. त्या रांगेत कमलाबाईंनी आपणहून दुर्बीण मांडली. आतापर्यंत तिला 'नयी', म्हणजे नळी, म्हणत होत्या, त्या दिवशी ती घरची झाली. ट्रॅक्टरची पूजा करायची तर बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. आणि दुर्बिणीचं इंजिन कुठलं, ते मी सांगून ठेवलेलंच होतं! हात तळापर्यंत पोहोचेना. मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, लांब काडीला कापूस गुंडाळला, ओल्या हळदीकुंकवात बुडवला आणि नळीतून नेम धरून आरशाच्या बरोबर मध्यावर टिळा लावला. जागेचा प्रश्नच नव्हता. गोल कडं होतं की! कंपनीनं टिकलीची जागा आखूनच दिली होती. वरून अक्षता टाकल्या, फूल टाकलं आणि नैवेद्याचा गुळाचा खडाही सोडला.

कल्याणीला ते दोन दिवसांनी कळलं. नळीतून मुंग्यांची रांग बाहेर येत होती.

हसू नका. मी तेव्हा हसले नव्हते. घरच्या आरशाची चकाकी काचेच्या मागं असते, पुढून कितीही पुसा. दुर्बिणीच्या आरशाची चकाकी काचेच्या पुढं, उघडी. अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो तो, साध्या फडक्यानंही त्याच्यावर ओरखडे पडतात. काकाजी म्हणतात, धुळीचा आरसा बरा, पुसलेला वाईट. आणि इथं तर ओलं कुंकू बसलं होतं. घरच्या कुंकवात चुना असतो, चुना तो थर खातो. असला आरसा मी एकटीनं कधी धुतला नव्हता. काकाजी धुवायचे, मी टॉवेल धरून उभी असायची.

"ताई, आणखी एक," कल्याणी म्हणाली. "आईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. एवढ्या मायेनं केलंय त्यांनी. घरात पहिल्यांदा कुणी या वस्तूला आपलं म्हटलंय. मी सांगितलंय, आरसे जुळवून आणायचेत."

"बरं. तू ये घेऊन."

"आईसुद्धा येतायत. म्हणतात, एवढी मोलाची वस्तू, तू एकटी कशी नेशीन."

दोघी एसटीनं आल्या. दुर्बीण गोधडीत गुंडाळून खिडकीशी बसवली होती. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "मावशी, पेशंटले कुठी नेऊन राह्यल्या?" कमलाबाईंनी सांगितलं, "दवाखान्यात. तू तिकीट फाड."

मी कमलाबाईंना पुढं पंख्याखाली बसवलं, चहा मागवला, चष्म्याच्या फ्रेमांचा ट्रे समोर ठेवला. "तुम्ही या घालून बघा निवांत. आम्ही आत आरसे जुळवतो." आणि मागच्या खोलीचा पडदा ओढून घेतला.

आरसा बाहेर काढला तर मध्यावर वाळलेला लालभडक टिळा, भोवती पिवळे ओघळ, चिकटलेल्या अक्षता आणि गुळाच्या कडेनं मुंग्या. एखाद्या लग्नातून उठून आल्यासारखा दिसत होता. मी काकाजींना फोन लावला. मी सगळं सांगितलं. मग खोकल्यासारखा आवाज आला. हसत होते.

"काकाजी, मला घाम फुटलाय आणि तुम्ही…"

"आइक बाई. बॅटरीत टाकतेत ते पानी आन. टबात आरसा बुडव. शाम्पूचे दोन थेंब. अन् मंग च्या पी."

"चहा?"

"हाव. तेवढा वेळ हात लावाचा नाई. घासू नोको. पान्याले काम करू दे. मंग दवाखान्याचा कापूस घे, ओला, अन् नुसता वरून ओढत ने. कापसाचं जे वजन तेवढंच वजन, तुया हाताचं नाई. एक डाव ओढला का तो बोळा फेकून दे."

पलीकडून पंख्याचा आणि कमलाबाईंचा आवाज येत होता. आलेल्या गिऱ्हाइकाला त्या सांगत होत्या, "ही घ्या, ही शोभते तुमाले. ती नोको, त्याच्यात घुबडावानी दिसता."

टबातलं पाणी हळूहळू पिवळं झालं. अक्षता सुटून तरंगायला लागल्या. फूल आपोआप वर आलं. मी पहिला बोळा ओढला, कल्याणीनं तो टोपलीत टाकला. दुसरा ओढला. हळद गेली. आणि पडदा सरकला.

कमलाबाई दारात उभ्या. डोळ्यांवर दुकानातली सोनेरी फ्रेम.

"हे पानी पिवयं काहून झालं?"

मी कल्याणीकडे बघितलं. कल्याणी माझ्याकडे. "ते… जुनं तेलपाणी असतं ना आत…" मी काहीतरी पुटपुटले.

कमलाबाई पुढं आल्या. टबात वाकल्या, एक अक्षत बोटावर उचलली. "तेलपान्यात तांदूय असतेत काय?"

त्यांची नजर आरशावरच्या लाल टिळ्यावर गेली.

"माह्याच पूजेनं झालं हे?"

"आई, काही झालं नाही हो," कल्याणी म्हणाली. "थोडंसं…"

"मंग मले सांगाले काय झालतं? मी काय लहान पोट्टी हाव, रडीन म्हनून? मारेगावावरून हितलोक गोधडीत गुंडायून आनलं तिले, कंडक्टरशी भांडली मी, अन् तुमी दोघी पडद्यामांगं कुजबुज करता!" त्यांनी सोनेरी फ्रेम काढून बाजूला ठेवली आणि स्टुलावर बसल्या. चूक झाली याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. लपवलं, ते टोचलं.

कल्याणी त्यांच्यापाशी खाली बसली. "चुकलं आई. घरी आणल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच तिला हात लावला होता. मला वाटलं, हे ऐकलं तर परत लावणार नाही."

कमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, टबाकडे पाहिलं. "लिंबू आना," त्या म्हणाल्या.

"लिंबू?"

"कुंकू मी घरी करतो. हयद, चुना, लिंबू. चुन्याचा दाग लिंबानं निंघते."

मी पुन्हा फोन लावला. काकाजी किंचाळले, "नोको! लिंबू नोको! च्या पाज त्यायले!" कमलाबाईंना ते ऐकू गेलं. "कोन हाय हा मानूस? साऱ्या दुखण्याले च्याच सांगते?" आणि त्या हसल्या. मग आम्हीही.

पुढचं काम तिघींनी केलं. मी बोळा ओढायची, कल्याणी टाकायची, कमलाबाई पुढचा भिजवून हातात द्यायच्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. लुगड्याचा काठ पाण्याला लागू न देता त्या एकेक बोळा पुढं करत होत्या. शेवटी आरसा उभा करून निथळत ठेवला. लख्ख झाला होता. फक्त मधोमध, कड्याच्या आत, मसुरीच्या डाळीएवढा डाग राहिला. तिथला थर चुन्यानं खाल्ला होता.

"हे चंद्रावर दिसन," कमलाबाई म्हणाल्या.

"नाही दिसणार," मी म्हटलं. "आरशाच्या वरच्या बाजूला एक छोटा तिरपा आरसा असतो. त्याची सावली मधोमधच पडते. तिथं तसाही उजेड पोहोचत नाही. आणि चंद्राचा उजेड सगळ्या आरशावर सगळीकडून पडतो, एका जागचा डाग चित्रात उतरत नाही."

हे खरं आहे, पण ऐकायला खोटं वाटतं. कमलाबाईंनी मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. निघताना पिशवी सावरत कल्याणीला म्हणाल्या, "कोजागिरीले मी पाह्यनार नाई. तुमी पाहा."

आता काळजीला दोन जणी झालो, त्या आणि मी. खरं सांगायचं तर पुस्तकातलं मला कळतं कमी. काकाजींनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं होतं. स्वतः असा डागाचा आरसा कधी लावून पाहिला नव्हता. कोजागिरीला नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून आम्ही मारेगावकडे निघालो. वाटेत करंजीला चहा घेतला तर तो म्हणाला, "अगो, कप सोड, फुटात तो."

कोजागिरीचा चंद्र दुर्बिणीसाठी तसा वाईटच. सगळा समोरून उजळलेला, डोंगर-खड्ड्यांच्या सावल्याच नाहीत. पाहायला खरा चांगला तो सप्तमी-अष्टमीचा, अर्धा. पण सप्तमीला गावाला बोलवून कोण दूध आटवणार? मी कल्याणीला चंद्राची जाळी, म्हणजे आयपीसवर बसवायची करडी काच दिली होती, नाही तर डोळा दिपतो. आणि आयपीस कमी पटीचा, म्हणजे अख्खा चंद्र एकदम मावेल.

शाळेच्या पटांगणात गाव जमला होता. एका बाजूला चुलीवर मोठ्या कढईत दूध, केशर-वेलचीचा वास. चंद्र नुकताच बाभळींच्या वर आलेला, तांबूस-पिवळा. कल्याणीनं दुर्बीण रोखली, चित्र ठीक केलं. कमलाबाई दुधाच्या कढईपाशी बसल्या होत्या, दुर्बिणीकडे पाठ करून.

पहिला मान पुंडलिकरावांचा. त्यांनी टोपी मागं सरकवली, वाकले, डोळा लावला. सगळे चंद्राकडे नाही, पुंडलिकरावांच्या पाठीकडे बघत होते.

"दिसते," ते म्हणाले. "भल्ला मोठा दिसते. पण…" ते आणखी वाकले. "डाग दिसून राह्यले याच्यात. काये काये."

कल्याणीनं माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं की हे कसले डाग, सांगायला मी पुढं सरकलेही.

तेवढ्यात कढईपाशी झारा खाली ठेवल्याचा आवाज झाला. कमलाबाई उठल्या. गर्दी बाजूला सारत पुढं आल्या आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या, "ते माह्यानं झालं."

पुंडलिकरावांनी डोळा काढला. "काय तुयानं झालं?"

"डाग. दसऱ्याले मी आतमधी कुंकू लावलं. पोरीचा काई दोष नाई, अन् त्या दुकानातल्या बाईचाई नाई. वापस पाठवाचं असन त मले बोला, तिले नोको."

एक म्हातारी "हात माय!" म्हणाली, तेवढंच.

कल्याणी सासूपाशी गेली. दंडाला धरून म्हणाली, "आई, आधी वर बघा. नुसत्या डोळ्यांनी."

कमलाबाईंनी वर पाहिलं.

"आता इथून. उलटं दिसतं हं."

त्या वाकल्या. डोळा लावायला त्यांना जमेना, कल्याणीनं पापणीवर हात धरून दाखवलं. जमलं. त्या हलल्याच नाहीत. मग ताठ झाल्या, वर पाहिलं. पुन्हा वाकल्या. पुन्हा वर पाहिलं. शेतातल्या दोन बांधांची खूण पडताळावी तसं त्यांचं चाललं होतं.

"हे माहे नाईत," त्या शेवटी म्हणाल्या. "हे त पयलेपासूनच हायेत."

पटांगण हशानं फुटलं. पुंडलिकराव टोपी हातात घेऊन हसायला लागले. "पाहा लेकहो! चंद्राचे डागई आपल्याच अंगावर घ्याले निंघाली ही!"

"मंग? तुमी त सुनेच्या अंगावर टाकाले बसले होते!"

पुंडलिकरावांनी टोपी घातली आणि कल्याणीला विचारलं, "पयली शाया कोनती धराची म्हनतं, सूनबाई? मारेगावची, का आपलीच?"

"आपलीच," ती म्हणाली.

मागं रांग लागली. बाया, पोरं, मारेगावहून आलेले दोन मास्तर. चुलीवर दूध आटत चाललं, साय धरली, कुणी तरी ओरडलं, "काकू, झारा कुठी ठेवला?" कमलाबाई पुन्हा वाकल्या होत्या, एक डोळा घट्ट मिटून, हात पाठीमागं बांधून, म्हणजे कशालाही धक्का लागू नये.

"सरका ना काकू, आमाले पाहू द्या!" रांगेतून आवाज आला.

"थांबा," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "खालचं आंग पाहाचं राह्यलं."